कोसमटोल्याची पेटी

१

डबा उघडला तेव्हा मला आधी वाटलं, माझा चष्मा दगा देतोय.

शनिवारची सकाळ, अकराचा सुमार. कोसमटोल्याच्या समाजमंदिरापुढे नऊ गावांची तीनशे माणसं बसली होती. मधोमध लोखंडी पेटी. तिला दोन कुलुपं, एक गावाचं आणि एक महासंघाचं. गावाचं कुलूप मावळते अध्यक्ष नत्थूलाल बिसेन यांनी काढलं, महासंघाचं मी काढलं. आत शिक्का होता, नकाशा होता आणि एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्या डब्यात गावाचा मूळ वनहक्क पट्टा असायला हवा होता. गावामागचा सगळा पहाड ग्रामसभेचा आहे, असं सांगणारा तोच एक कागद.

मी डबा उघडला. पट्टा नव्हता.

माझ्या खांद्यावरून भूमेश्वरीबाई वाकून बघत होत्या. त्यांनी झटकन माझ्या हातावर हात ठेवून झाकण बंद केलं आणि उभ्या राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "पट्टा नाही. बाकी सगळं आहे."

असा गलका उठला की झाडावरचे बगळे उडाले. नव्या अध्यक्ष योगेश्वरी रहांगडाले पांढऱ्याफटक पडल्या. नत्थूलाल जमिनीकडे बघत राहिले. आणि त्यांचा पुतण्या योगराज पुढे येऊन ओरडला, "देखो जी, पेटी आठ दिवस सालईटोल्यात होती. आमचा कागद दुसऱ्या गावानं खाल्ला. कायले पाहिजे हा महासंघ?"

मी केशोराव कटरे. निवृत्त मास्तर, राहणार कुडवा, आणि या महासंघाचा सचिव. महासंघ हा शब्द भारी आहे. आम्ही म्हणजे नऊ ग्रामसभा, एक सतरंजी, एक रजिस्टर आणि पुष्कळ हट्ट. बारा वर्षांपूर्वी याच सालईटोल्यात अध्यक्ष बदलला तेव्हा जुन्याने शिक्का सोडला नाही. नव्याने दुसरा करून आणला. एका गावात दोन ग्रामसभा झाल्या, सात डोकी फुटली, दोन वर्षं वरून आलेल्या प्रशासकाने गाव हाकलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम ठेकेदार घेऊन गेला. त्यानंतर नऊ गावांनी मिळून नियम केला. निकाल लागला की हरलेल्याच्या घरी दोन्ही बाजूंनी एका पंगतीत जेवायचं. मग पेटी आठ दिवस तिसऱ्या गावात ठेवायची, आणि नवव्या दिवशी बाकीच्या आठ गावांदेखत चार्ज द्यायचा. अशी अकरा सत्तांतरं आम्ही पार पाडली होती. एकाचंही डोकं फुटलं नव्हतं. आता बारावं आमच्या डोक्यावर फुटत होतं.

त्यात सोमवारी गोंदियाला सुनावणी होती. खाणवाल्यांना पहाड फोडायचा होता. गावाच्या बाजूने नवा अध्यक्ष मूळ पट्टा घेऊन उभा राहिला तरच गावाचं म्हणणं ऐकलं जाणार होतं. मोबाइलमध्ये फोटो सगळ्यांकडे होता, पण फोटोला तिथे कोण विचारतो? नक्कल काढायला सहा महिने लागतात. तोपर्यंत पहाडाची गिट्टी झाली असती.

"उद्या दुपारी दोन वाजता सगळ्यांनी परत यायचं," भूमेश्वरीबाईंनी जाहीर केलं. "तोवर ना प्रशासकाचं नाव काढायचं, ना सालईटोल्याचं."

गर्दी पांगली. बाई मला समाजमंदिराच्या मागे घेऊन गेल्या आणि डबा माझ्यासमोर पुन्हा उघडला. तळाशी मूठभर धान होतं.

२

भूमेश्वरीबाईंची ओळख करून द्यायला हवी. एकतीस वर्षं त्या या भागात नर्स होत्या. इथली अर्धी माणसं त्यांनी स्वतःच्या हातांनी या जगात आणली आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी फार छाती फुगवत नाही. निवृत्तीनंतर नऊ गावांनी त्यांना महासंघाचं अध्यक्ष केलं. मी त्यांच्याशी वाद घालतो आणि हरतो.

"पेटी धानात ठेवली होती," मी म्हणालो. "चार दाणे गेले असतील आत."

"दोन कुलुपं लावलेल्या पेटीतल्या झाकणाच्या डब्यात? तुम्ही गणित शिकवायचात ना, गुरुजी?"

मी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. त्यांनी ते धान रुमालात बांधलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. आम्ही सालईटोल्याला निघालो.

पेटी उदारामच्या घरी होती. त्याच्या ओसरीत पुरुषभर उंचीची ढोली आहे, बांबूची, शेणाने लिंपलेली. तिच्यातल्या धानात पेटी पुरून, वरून सपाट करून, त्यावर भूमेश्वरीबाईंनी राखेचे छापे उठवले होते. मालगुजाराच्या काळात खळ्यावरच्या राशीवर असाच लाकडी छापा मारत. एका जागचं धान उचललं तरी छापा मोडतो आणि चोर उघडा पडतो. लाकडी छापा बाईंच्या घरी असतो, तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आज सकाळी पेटी काढताना पाचही छापे जसेच्या तसे होते. मी स्वतः पाहिले होते.

उदाराम आम्हाला बघताच उसळला. "मी चोर हाव का, बाई? आठ दिवस मी या ढोलीपाशी खाट टाकून झोपून राहिलो. लेकीच्या सोयरिकीले गेलो नाही. आन तो योगराज भर सभेत माह्या गावाचं नाव घेते!"

"तू चोर नाहीस. ढोलीतलं धान दाखव."

त्याने ओंजळभर धान काढून दिलं. जाड, ठसठशीत दाणा. बाईंनी रुमाल सोडला आणि डब्यातलं धान शेजारी ठेवलं. ते बारीक होतं. बाईंनी दोन दाणे तळहातावर चोळले, फोल फुंकून टाकलं आणि तळहात माझ्या नाकापुढे धरला. मंद सुवास आला.

"चिन्नोर," उदाराम म्हणाला. "हे माह्या घरचं नाही. माह्याकडे जाड धानाशिवाय काहीच नाही."

म्हणजे पट्टा सालईटोल्यात गेला नव्हता. छापे धड, कुलुपं धड, धान दुसरं. डबा इथे यायच्या आधीच रिकामा झाला होता.

"गुरुजी, त्या दिवशी पट्टा सगळ्यांसमोर वाचून दाखवला तो किती वाजता?"

"दहा वाजता. मीच वाचला. मग नत्थूलालनं गावाचं कुलूप लावलं."

"आणि आपलं कुलूप?"

नियम असा होता की वाचून होताच दोन्ही कुलुपं लावायची. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता. मी म्हणालो होतो, आधी जेवण, मग कुलूप. पेटी नत्थूलालच्या कोठीच्या खोलीत ठेवली आणि आम्ही सगळे पंगतीला बसलो. महासंघाचं कुलूप मी दीड वाजता लावलं, तृप्त मनाने, एका रिकाम्या डब्यावर.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "उद्या सभेत सांगेन."

"सांगालच," बाई म्हणाल्या. "पण आधी साडेतीन तासांत त्या खोलीत कोण गेलं ते शोधू."

३

योगेश्वरी घराच्या अंगणात बसली होती. पस्तिशीची बाई, अकरा मतांनी निवडून आलेली. तिच्यासमोर सोमवारच्या सुनावणीचे कागद पसरलेले होते आणि ती ते वाचत नव्हती.

"लोक म्हणून राहिले, मीच लपवला कागद. नत्थूकाकाले बदनाम कराले." तिने डोळे पुसले नाहीत, उलट आमच्याकडे रोखून पाहिलं. "मले कायले बदनाम कराचं जी? मी जिंकली हाव ना!"

"पंगतीच्या वेळी तू कुठे होतीस?"

"बाहेर मांडवात, काकाच्या बाजूलेच बसवलं होतं मले. तुमचाच नियम. हरलेला आन जिंकलेला एका पत्रावळीच्या अंतरावर." ती थोडं थांबली. "एक गोष्ट सांगतो. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा काकानं काकूले हाक मारली, पेटीची चाबी मागतली. म्हणे माहा चष्मा पेटीत रायला. काकूनं पदराची गाठ सोडून चाबी देली. काकानं ते योगराजले देली."

पंधरा वर्षं गावाची चावी अध्यक्षाच्या बायकोच्या, शामकलाबाईंच्या पदराला बांधलेली असे, हे सगळ्यांना माहीत होतं. नत्थूलाल विसरभोळे. अध्यक्ष ते होते, पण चावी बाई सांभाळत.

"योगराजनं चष्मा आणला?" मी विचारलं.

"नाही ना. आला तेव्हा तोंड उतरलं होतं त्याचं. आन चष्मा काकाच्या खिशातच होता."

मी उठलोच. "झालं तर मग! चोर सापडला."

योगराज रस्त्यावरच भेटला, त्याच्या नव्या टिप्परपाशी. टिप्पर खाणवाल्यांच्या कामावर लागलेला आहे, हे गावात कोणापासून लपलेलं नाही. पहाड फुटला तर त्याला आणखी दोन घ्यायचे होते. मी तोफ डागणार होतो, पण बाईंनी माझा दंड दाबला आणि अगदी मायेने विचारलं, "योगराज, तुला काय वाटतं, कोणी केलं असेल?"

"सालईटोलावाल्यानं, अजून कोन? कागद तं नेलाच, वरून डब्यात मूठभर धान टाकून आमची थट्टा केली. गुरुजी, मी कलेक्टर ऑफिसमध्ये अर्ज लिहून ठेवला. उद्या सभेत सह्या घेतो. महासंघ बरखास्त, प्रशासक चालू. तोवर काकाच अध्यक्ष."

तो टिप्परमध्ये चढून निघून गेला. मी बाईंकडे वळलो. डब्यात धान होतं हे आम्हा दोघांशिवाय फक्त उदारामला माहीत होतं, आणि तो योगराजशी बोलणाऱ्यातला नव्हता.

"आता तरी पोलिसांत जाऊ या?" मी म्हणालो.

"त्याने डबा उघडला, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण गुरुजी, तो चिडलेला आहे. कागद ज्याच्या खिशात असतो तो असा चिडत नाही. तो गेला तेव्हा डबा आधीच रिकामा होता."

४

दुपारचे चार वाजले होते. नत्थूलाल ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. पहाडासाठी हा माणूस एकदा सात दिवस गोंदियाला कचेरीसमोर बसला होता. पट्टा आला तो त्यांच्यामुळेच. त्या माणसाला अकरा मतांनी असं पोखरून काढावं, याचा मला राग आला, दुःखही झालं.

शामकलाबाईंनी आम्हाला आत बोलावलं. साठीची, हाडकुळी, कमी बोलणारी बाई. आमच्यापुढे वाट्या ठेवल्या. खीर होती. पहिल्या घासाला मी थांबलो. तो वास मी सकाळी बाईंच्या तळहातावर घेतला होता.

"शामकला, चिन्नोर अजून लावतेस का?" भूमेश्वरीबाईंनी सहज विचारलं.

"एक बांधी लावतो, पाहुण्याईपुरतं. आता कोनी लावत नाही, पीक कमी येते ना. तुम्हाले आठवते का, नर्सबाई? माह्या सुनेच्या बाळंतपणात तुम्ही म्हणलं, पेज द्याची तं चिन्नोरचीच द्या."

"आठवतं. ठेवतेस कुठे?"

"कोठीच्या खोलीतच. दाराजवळच्या मडक्यात."

बाईंनी खीर संपवली. मी चमचा हातात धरून बसलो होतो.

निघताना शामकलाबाई आतून एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. पंगतीच्या दिवशी भूमेश्वरीबाईंनी त्यातून आवळ्याचं लोणचं आणलं होतं. "तुमचा डबा रायला होता."

बाईंनी डबा घेतला, हातात तोलला आणि झाकण उघडलं. आत वाटीभर तांदूळ होता.

"हे कशाला?"

"काऊन? रिकामा डबा देतेत का कोनी?"

शामकलाबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता भूमेश्वरीबाई विचारतील. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या दोन वाजता ये, शामकला. मागे बसू नकोस. पुढे बस."

बाहेर आल्यावर मी फुटलो. "तुम्हाला कळलं, मला कळलं, मग विचारलं का नाही? परवा सुनावणी आहे!"

"तिने नवऱ्यापासून कागद लपवला असेल, तर तो बंद दाराआड मागून काढणारी मी कोण? तिने आठ दिवस दम धरलाय, गुरुजी. आपण एक दिवस धरू."

"आणि उद्या ती बोललीच नाही तर?"

बाई स्कूटरवर बसल्या. "तर महासंघ बुडाला. चला."

५

रविवारी दोन वाजता काल होती त्याच्या दुप्पट माणसं होती. पहिल्या रांगेत शामकलाबाई बसल्या होत्या. योगराजने अर्ज आणि शाईचा पॅड बाकावर मांडून ठेवला होता, अंगठे घ्यायला.

सगळ्यांत आधी मी उभा राहिलो. जेवणापायी मी कुलूप साडेतीन तास उशिरा लावलं, हे सांगितलं. मास्तरकीची अठ्ठावीस वर्षं गेली, पण असा शरमलो नव्हतो. कोणी हसलं नाही.

"ऐका आता!" योगराज ओरडला. "सचिव स्वतः कबूल करून राहिला. असा महासंघ पाहिजे का तुम्हाले? करा सह्या. सरकार माणूस पाठवन, तो पाहीन."

मागून सालईटोल्याचा उदाराम उठला. "प्रशासक काय असते ते आमाले विचार! आमच्या गावानं दोन वर्षं भोगला. आमचं डोकं फुटलं तवा हे आठ गावं धावून आले, तुहे टिप्परवाले नाही आले. मले चोर म्हण, मी आयकून घेतो. पण मी सही देनार नाही, जा!"

"आमीबी नाही देनार," दुसऱ्या बाजूने आवाज आला, मग तिसऱ्या. शाईच्या पॅडकडे कोणी गेलं नाही.

भूमेश्वरीबाई पुढे आल्या. त्यांनी रुमाल सोडून धान सगळ्यांना दाखवलं. "हे मला काल डब्यात सापडलं. उदारामच्या ढोलीवरचे छापे मोडले नव्हते आणि त्याचं धान जाड आहे. हे चिन्नोर आहे. म्हणजे डबा सालईटोल्याला गेला तेव्हाच त्यात पट्टा नव्हता. पंगत चालू असताना तो कोसमटोल्यातच निघाला." त्या वळल्या. "योगराज, डब्यात धान आहे हे काल तू मला सांगितलंस. मी तर ते उदारामशिवाय कोणालाच दाखवलं नव्हतं."

योगराज एक पाऊल मागे सरला.

"त्याने डबा उघडला, पण त्याला कागद मिळाला नाही. म्हणूनच तो कालपासून दुसऱ्या गावावर जाळ काढतोय. त्याच्या आधी कोणीतरी कागद काढून घेतला होता. ते कोण, ते मी बोलणार नाही. आधी मला एकच उत्तर हवं आहे. नत्थूलालभाऊ, चष्मा तुमच्या खिशात होता. मग चावी कशाला दिलीत?"

नत्थूलाल उभे राहिले.

"पोट्टा म्हणे, काका, कागद नाही मिळाला तं चार्ज देता येत नाही. चार्ज देला नाही तं तुम्हीच अध्यक्ष. सुनावणी होऊन जाऊ द्या, मंग कागद आणून देतो." त्यांनी घसा साफ केला. "मले माहीत होतं तो आणून देनार नाही. तरी म्या चाबी देलो. पंधरा वर्षं केलं या गावाचं, आन अकरा मतानं... मले सहन नाही झालं जी. माहा गुन्हा हाय."

ते खाली बसले नाहीत, तसेच उभे राहिले. आणि त्यांच्या मागून शामकलाबाई उठल्या.

त्यांनी काखेतली कापडी पिशवी उघडली. धानाचा फोल झटकला आणि घडी केलेला कागद बाहेर काढला. त्याचे लाल शिक्के मी लांबूनच ओळखले.

"पंगतीच्या दिवशी सकाळी या दोघांचं बोलनं आयकलं म्या," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत पोचला. "पत्रावळी मांडू मांडू म्हणत होते तवा काढला. मडक्यात चिन्नोरच्या खाली ठेवला. डबा रिकामा ठेवासा वाटला नाही, म्हणून मूठभर टाकलं. हात सवयीनं गेला."

"आठ दिवस का नाही बोललीस?" मी न राहवून विचारलं.

"कोनाले बोलू, गुरुजी? घरात बोलली असती तं नवरा म्हणन, दे. नाही कसं म्हणू? बाहेर बोलली असती तं नवरा चोर. मी वाट पाहून रायली होती. हा मानूस सात दिवस उन्हात बसला होता या कागदासाठी. तो सगळ्यांसमोर खरं बोलन का नाही, तेवढंच पाहाचं होतं मले. नसता बोलला तं मी एकटी गेली असती उद्या गोंदियाले, हा कागद घेऊन." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "बोलला. आता देतो."

नत्थूलाल लहान मुलासारखे रडायला लागले. योगराज त्याचा अर्ज गुंडाळून गर्दीतून वाट काढायला बघत होता, पण वाट कोणी देईना. शेवटी त्याला सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून उभं राहावं लागलं.

शामकलाबाईंनी पट्टा नवऱ्याला दिला नाही, भूमेश्वरीबाईंनाही दिला नाही. सरळ योगेश्वरीच्या हातात ठेवला. योगेश्वरीने तो मोठ्याने वाचला, नकाशातल्या चारही सीमांसकट. मग नत्थूलालनी चार्ज दिल्याची सही केली, तिने घेतल्याची केली, आणि आठ गावांच्या माणसांनी एकेक करून साक्षीच्या सह्या केल्या. सगळ्यांत वर उदारामची सही आहे. रजिस्टर कोणालाही बघता येईल.

पट्टा डब्यात गेला, डबा पेटीत गेला. या वेळी मी महासंघाचं कुलूप तत्काळ लावलं. उद्या ते सुनावणीत उघडायचं होतं, आणि नऊच्या नऊ गावं पेटीसोबत निघणार होती. नत्थूलालनी सोपवलेली गावाच्या कुलपाची चावी मी योगेश्वरीपुढे धरली. आता ती तिची होती.

तिने ती घेतली. दोन पावलं चालून गेली, शामकलाबाईंच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि चावी त्यात बांधायला लागली.

शामकलाबाईंनी पदर ओढला. "काऊन? मत म्या तुले नाही देलो. नवऱ्यालेच देलो."

"माहीत हाय, काकू," योगेश्वरी म्हणाली आणि गाठ घट्ट केली. "म्हणूनच तं."